घोडीभेट

कुरखेड्याच्या बाजाररस्त्यावर दोन वराती समोरासमोर आल्या. दोन्हीकडचे डीजे एकमेकांवर असे ओरडत होते की नाचणाऱ्यांना कोणत्या गाण्यावर हात वर करायचे तेच कळेना. या बाजूला माझी चांदणी... पांढरीशुभ्र, कपाळावर मोत्यांच्या झालरी, पाठीवर घामाने निथळलेला नवरदेव. त्या बाजूला एक तांबूस घोडी, आणि तिचा लगाम धरून तो.

मी आधी त्याच्या घोडीकडे पाहिलं. आम्ही घोडीवाले. आमची नजर पहिल्यांदा खुरांवर जाते, मग मानेवर, आणि माणसाकडे सगळ्यात शेवटी. खूर स्वच्छ होते. मान तेल चोळल्यासारखी तुकतुकीत. मग मी माणसाकडे पाहिलं... आणि खुरांपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं.

"ओ मॅडम, घोडी बाजूले घ्या ना!" तो ओरडला.

"तुम्ही घ्या. आमची वरात पहिले आली."

"पहिले आली तं लग्न पहिले लागते का?"

"लागते. आमच्या नवरदेवाले घाई हाये. तुमच्याले दिसून नाई राह्यली."

त्याचा नवरदेव खरंच पेंगत होता. तो हसला. त्याच्या एका गालाला खळी पडली, दुसऱ्याला नाही. एवढ्या गर्दीत, एवढ्या आवाजात मला ती खळी कशी दिसली, हे देव जाणे.

आमच्या घोडीवाल्यांत एक रीत आहे. दोन वराती समोरासमोर आल्या, तर कोणतीच घोडी मागे वळवायची नाही. नवरदेवाला ते वाईट. मग दोघींची भेट घडवायची. नाकाला नाक लावायचं, एकाच ताटलीतला गूळ-हरभरा दोघींना चारायचा, लगाम धरणाऱ्यांनी समोरच्या घोडीच्या कपाळाला गुलाल लावायचा आणि मग डाव्या अंगाने निघून जायचं. व्याही भेटतात तशी ही घोडीभेट. आमचे आजे-पणजे करत आले, आम्हीही करतो.

चांदणीने मान पुढे केली. तांबूस घोडीने तिच्या नाकपुड्यांत एक लांब श्वास सोडला. त्याने ताटली पुढे धरली, मी खालून हात लावला, आणि ताटलीखाली आमची बोटं एकमेकांवर आली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. ताटली पडली असती ना!

मी तांबूस घोडीला गुलाल लावायला गेले, आणि ती अशी जोरात फुरफुरली की सगळा गुलाल माझ्याच तोंडावर.

"रूपाले तुम्ही आवडल्या," तो म्हणाला.

"रूपाले?"

"घोडी खोटं नाई बोलत, मॅडम."

वराती निघून गेल्या. मी मात्र मावशीच्या घरी जाऊन आरशात पाहिलं, आणि तो गुलाल धुवायला जरा वेळच लावला.

माझं नाव अन्नपूर्णा. गाव वरोरा. बाबांचा, गुणवंतरावांचा, वरातीच्या घोड्यांचा धंदा. त्यांच्या गुडघ्याने दगा दिला तेव्हापासून चांदणीचा लगाम मी धरते. पोरीच्या हाती घोडी पाहून लोक आधी हसायचे. आता नवरीकडच्या बाया मुद्दाम 'पोरगी घोडीवाली' मागवतात. त्या हंगामात कुरखेड्याकडच्या तारखा बऱ्याच होत्या, म्हणून बाबा चांदणीला आणि मला रुखमामावशीकडे सोडून, दुसऱ्या घोड्यांसाठी वरोऱ्याला परतले होते. मावशीचं शेत गावाबाहेर. पुढे नाला, आणि नाल्यापलीकडून जंगल सुरू. बांधावर मोहाचं जुनं झाड. त्याच्या बुंध्याशी गावातल्या लोकांनी देवाला वाहिलेले मातीचे छोटे घोडे, अर्धे मातीत रुतलेले. चांदणी त्या झाडाखालीच बांधलेली असायची, आणि त्या घोड्यांकडे असं पाहायची, जणू तिच्याच लेकरांची वरात निघाली आहे.

आठवडाभराने एका सकाळी चांदणीने हरभऱ्याला तोंड लावलं नाही.

मी कानाला हात लावला. कान तापलेले. दुपारपर्यंत ती मान पुढे ताणून उभी राहिली, घोट गिळताना तिला दुखत असावं तशी. दुसऱ्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट, पिवळा शेंबूड वाहू लागला आणि जबड्याखाली कवठाएवढी सूज आली. पाणी प्यायली की अर्धं नाकातून परत यायचं.

चांदणी माझ्या हातात जन्मली. मी दहावीला होते. रात्रभर तिच्या आईजवळ बसले होते, आणि पहाटे ती ओल्या, लटपटत्या पायांनी उभी राहिली ती माझ्या गुडघ्यांना टेकून. तेव्हापासून घाबरली की ती मान माझ्या खांद्यावर टाकते. त्या दिवशी तिने मान टाकली आणि मला तिच्या गळ्याची घरघर ऐकू आली.

जनावरांच्या दवाखान्यातून रिना मॅडम आल्या. गाडी लांब उभी केली, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. त्यांनी नाकपुडीत बॅटरी मारली, चारही पायांवरून सावकाश हात फिरवला, ताप पाहिला. मग मला दूर नेऊन उभं केलं.

"हे बघ, दोन शक्यता आहेत. एक म्हणजे घशाच्या गाठींचा आजार, स्ट्रँगल्स. गाठ पिकते, फुटते, घोडी बरी होते. भयंकर पसरतो, पण बरा होतो."

"आन् दुसरा?"

त्यांनी बॅटरी बंद केली. "दुसरा ग्लँडर्स. त्यात नाकात जखमा होतात, पायांवर गाठी येतात. हिला त्या दिसत नाहीत. मला पहिलाच वाटतो. पण वाटून चालत नाही, रक्त तपासावं लागतं."

"आन् दुसरा निघाला तं?"

"त्याला औषध नाही, अन्नपूर्णा. माणसालाही होतो. म्हणून नियम असा आहे की... जनावराला झोपवावं लागतं."

झोपवावं. किती मऊ शब्द आहे. आई लेकराला म्हणते तो.

मॅडमनी विचारलं, इतक्यात ही कोणत्या दुसऱ्या घोड्याजवळ गेली होती का? मी घोडीभेटीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"नाकाला नाक? एकाच ताटलीत?"

"रीत हाये, मॅडम."

"आजाराला विचारलं असतं ना, 'बाबा तुला कसं पसरायचंय?', तर त्यानेही हेच सांगितलं असतं!"

आणि मग, त्या तांबूस घोडीचा मालक शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. नाल्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला कुडाचा तबेला होता. तिथून तो आला. प्रणित. मला ओळखलं, खळी पडली, आणि माझा चेहरा पाहून विझली.

"तुमच्या घोडीनं दिलं," मी म्हटलं. रागाला कुठेतरी जायचं होतं, ते त्याच्याकडे गेलं. "चांगली होती माझी चांदणी."

"माझ्या तिन्ही घोड्या ठीकठाक हायेत. पाहून घ्या. कोण जाणे, तुमच्यानंच माझ्या रूपाले दिलं असन."

"भांडा," रिना मॅडम म्हणाल्या. "पण नाल्याच्या दोन काठांवरून भांडा. कोणी दिलं हे शोधून कोणती घोडी बरी होत नाही. वरून धडधाकट दिसणारी घोडीही हा आजार घेऊन फिरू शकते, आणि तिसरीच कोणती तरी दोघींना देऊन गेली असेल. आता ऐका."

मग त्यांनी नियम सांगितले. चांदणी जागची हलणार नाही, म्हणजे मीही नाही. तिची बादली, तिचा दोर, तिचा खरारा फक्त तिचा. माझे कपडे, माझे हात पलीकडच्या घोड्यांना लागणार नाहीत. तिच्याजवळ जाताना मास्क आणि मोजे. आल्यावर साबणाने हात. चपला औषधाच्या पाण्यात बुडवायच्या. प्रणितने नाला ओलांडायचा नाही. रूपाला बाकीच्या दोघींपासून वेगळं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ तिचा ताप पाहायचा.

"नाक वाहायची वाट पाहू नकोस," त्या प्रणितला म्हणाल्या. "ताप आधी येतो. बाकी सगळं मागून. ताप आला त्याच दिवशी जो पकडतो, तो बाकीच्यांना वाचवतो."

रक्ताची बाटली थंड डब्यात बंद होऊन दूरच्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. आणि मी, मोहाच्या झाडाखाली, वाट पाहू लागले.

उन्हाळ्यातला नाला म्हणजे काय, मधोमध एक बारीक धार आणि गोल गोल दगड. त्या धारेत एक मोठा सपाट दगड होता. पहिल्या सकाळी मी पाहिलं, त्यावर हिरव्यागार गवताचा भारा ठेवलेला. प्रणित मागे सरकून आपल्या काठावर उभा.

"काहाले?" मी ओरडले.

"तुमच्या बाजूले सुकं गवत हाये. घसा दुखत असन तं कसं खाईन ते? मॅडमनं सांगतलं, नरम द्या. कोंडा भिजवून देजा."

"मले मालूम हाये."

"मालूम हाये तं घ्या ना, मंग."

मी खाली उतरून भारा उचलला. 'थँक्यू' म्हणायचं होतं. पण काल भांडलेल्या माणसाला लगेच 'थँक्यू' म्हणायचं म्हणजे आपलीच पंचाईत. मी नुसती मान हलवली. त्याने पण हलवली. झालं, भांडण संपलं.

मग रोजचंच झालं. पहाटे मोहाची फुलं टपटप पडायची, मावशी टोपली घेऊन ती वेचायची, त्यांचा गोड, जड वास सगळ्या शेतावर पसरायचा, आणि त्या वासातून शीळ यायची. तो आला. गवत ठेवायचा, मागे जायचा. मी उतरायचे, उचलायचे, मागे यायचे. तो दगड कधी आमच्या दोघांचा एकाच वेळी नसायचा. पण त्याने गवत ठेवल्यावर दगडावर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे राहायचे. मी पोचेपर्यंत ते ऊन पिऊन टाकायचं, कधी अर्धे उरायचे. मी वेड्यासारखी त्या अर्ध्या ठशांच्या बाजूने पाय ठेवायचे.

"आज किती ताप?" तो विचारायचा.

"एकशे चार. तुझ्या रूपाचा?"

"शंभर. नॉर्मल. पण तिले थर्मामीटर बिलकुल आवडत नाई. मले लाथ मारली तिनं."

"कुठी?"

"ते तुले नाई सांगत."

मी हसले. चांदणी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. आणि 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कोणत्या सकाळी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

एकदा त्याने विचारलं, "वरोऱ्याले कोणी वाट पाहून राह्यलं का तुही?"

"बाबा."

"आणखी?"

"दोन घोड्या, एक बकरी."

"आणखी?"

"आणखी कोणी असतं तं मोहाच्या झाडाखाली इतके दिवस तुह्या संग बोलत बसली असती का मी?"

त्याने नाल्याच्या पाण्यात एक काटकी टाकली आणि ती वाहत गेली त्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, जास्त बोलले. मग तो म्हणाला, "माह्यीबी कोणी वाट पाहात नाई. आमच्या घोडीवाल्याईले पोरी कोण देते? रोज दुसऱ्याच्या वराती काढायच्या, आन् आपली आली का पायी."

हे खरं आहे. आमच्यात नवरदेव स्वतःच्या घोडीवर बसत नाही. ज्या पाठीवर पोट चालतं, त्या पाठीवर आपण नवरदेव होऊन बसायचं नाही, असं जुनी माणसं म्हणतात. घोडीवाल्याची वरात पायी. माझे बाबाही मूल गावाच्या पुढून वरोऱ्याला, आईच्या दारापर्यंत पायीच आले होते, आणि अजूनही तो किस्सा सांगताना गुडघ्याचं दुखणं विसरतात.

अहवाल येत नव्हता. चांदणीच्या गळ्याखालची सूज दगडासारखी घट्ट होती. मी गरम पाण्यात फडकं पिळून शेकत राहायचे. शेकताना तिच्या पायांवरून हात फिरवायचे... गाठ नाही ना? नाकपुडीत बॅटरी मारायचे... जखम नाही ना? दिवसातून कितीदा, ते मलाच माहीत नाही. 'झोपवावं लागतं' हे शब्द माझ्या कानात भुंग्यासारखे फिरायचे. बाबांचा फोन आला की मी म्हणायचे, सगळं ठीक आहे, आणि फोन ठेवून रडायचे. रडताना पलीकडून कोणी हाक मारायचं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळचं गवत जास्त असायचं, आणि त्यावर पळसाची, नाहीतर करवंदाची एखादी फांदी.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं. आमच्याकडे चैत्रात येतो तसा अवकाळी... आधी धुळीचं वादळ, मग बोराएवढ्या गारा, मग पाऊस. मी ताडपत्री घेऊन धावले. चांदणी बिथरली होती. मी ताडपत्री तिच्या पाठीवर धरायची, वारा ती ओढून न्यायचा.

"दोर खालून घे! पोटाखालून!" पलीकडून आवाज आला. "आता फांदीले बांध! डावीकडच्या... डावीकडच्या!"

मी बांधलं. वळून पाहिलं. तो आपल्या काठावर, उघड्यावर उभा. गारा डोक्यावर पडताहेत, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि त्याच्या मागे दहा पावलांवर त्याचा कोरडा तबेला.

"तू काऊन भिजून राह्यला?" मी ओरडले. "जा ना आत!"

"तू भिजून राह्यली म्हणून!"

पावसाच्या आवाजात ते नीट ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. पण आलं. नाला भरून वाहू लागला, आमचा दगड पाण्याखाली गेला, आणि आम्ही दोघं दोन काठांवर तसेच उभे राहिलो. मला त्या क्षणी कळलं. मी त्याच्यावर प्रेम करत होते, आणि त्याला सांगायला नाला ओलांडायची परवानगी नव्हती.

पाणी उतरलं त्या सकाळी शीळ आली नाही.

मी काठावर गेले. प्रणित दगडावर बसला होता. गवत नव्हतं. मला पाहूनही मागे गेला नाही.

"आज मागं नाई जाऊन राह्यला?"

त्याने वर पाहिलं. डोळे लाल होते. "रूपाले ताप आला. एकशे तीन. सकाळीच पाह्यला. नाक कोरडं हाये, खाऊनबी राह्यली, कोणाले दिसनार नाई... पण ताप हाये."

मी नाल्यापलीकडच्या तबेल्याकडे पाहिलं.

"परवा वडशाले सामूहिक लग्न हाये, मालूम हाये ना? तीन तालुक्याच्या घोड्या येतात. भेटीवर भेटी होतात तिथी. रूपाची बुकिंग होती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "फोन करून नाई म्हणून सांगतलं. ते लोकं शिव्या देऊन राह्यले. आदेश म्हणे, एवढासा ताप, गोळी देऊन ने. आदेश म्हणजे माहा मोठा भाऊ."

"आन् तू?"

"मी म्हटलं, वडशाच्या प्रत्येक घोडीच्या मागं एक अन्नपूर्णा असन. झाडाखाली रडून राह्यली असन."

मी दोन पावलं खाली उतरले, आणि नियम आठवून थांबले.

"काऊन थांबली?" तो म्हणाला. त्याच्या रडक्या तोंडावर हळूच ती खळी उमटली, अवेळी, लाजल्यासारखी. "मॅडमले फोन केला होता मी. त्या म्हणाल्या, बाकीच्या दोघी आदेशच्या ताब्यात दे, आता तू त्याईले हात नको लावू. रूपाले घे, आन् नाल्याच्या पलीकडं जाऊन राह्य. दोघींच्या मधात अंतर ठेव. पण माणूस... माणूस एकच असला तरी चालते."

"म्हणजे?"

"म्हणजे मले आता हद्द नाई, अन्नपूर्णा."

तो नाला ओलांडून आला. मागे रूपा, मान खाली घालून. मी आयुष्यात किती वराती पाहिल्या. एवढी शांत, एवढी सुंदर वरात कधी पाहिली नाही.

आणि त्या सुखाला लगेच भीती चिकटली. आता अहवाल वाईट आला, तर चांदणीसोबत रूपावरही तीच टांगती तलवार. मी त्याला ते म्हटलं. तो रूपाला लांबच्या बाभळीला बांधत म्हणाला, "मालूम हाये. चांदणीची वाट आपण दोघं मिळून पाहू. एकटी नको पाहू."

जवळ आलो, आणि एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले. लांबून खळी दिसायची; जवळ मास्क. मोहाच्या सावलीत आम्ही फक्त डोळ्यांनी बोलायचो. तो पाणी तापवायचा, मी शेकायचे. मग हात धुवायचे, मोजे बदलायचे, आणि मग रूपाकडे. तिची सूज लहानच राहिली. लवकर सापडली होती ना. कधी बादलीवर वाकताना त्याचा खांदा लागायचा, आणि दोघंही फडकं पिळायचंच विसरायचो.

"तुह्ये डोळे चांदणीसारखे हायेत," तो एकदा म्हणाला.

"घोडीसारखे?"

"घोडीवाल्यानं याच्याहून मोठी तारीफ कोणाची केली का?"

नव्हती केली. मी मान्य केलं.

आणि मग एका दुपारी शेताच्या वाटेवर रिना मॅडमची गाडी दिसली. आम्ही दोघं उभे राहिलो. मॅडम उतरल्या, चालत आल्या, आणि जवळ येण्याआधीच, लांबूनच, दोन्ही हात वर करून ओरडल्या...

"ग्लँडर्स नाही! दोघीही वाचल्या, नाही आहे ग्लँडर्स!"

माझे पाय लटपटले, चांदणी जन्मली तेव्हा तिचे लटपटत होते तसे. मी कशाला तरी धरलं. तो प्रणितचा हात होता. रबरी मोजा माझ्या हातात, रबरी मोजा त्याच्या. आम्ही ते दोन चिकट, औषधाचा वास मारणारे मोजे घट्ट धरून उभे राहिलो.

"मोजा काढू का?" तो हळूच म्हणाला.

"मॅडम म्हणतात, काढायचा नाई."

"मॅडम पाहून नाई राह्यल्या."

मॅडम पाहत होत्या. "हात धुवा दोघांनी," त्या म्हणाल्या, आणि उगाचच आभाळाकडे बघू लागल्या.

त्याच आठवड्यात गाठ पिकून मऊ झाली. मॅडमनी ती फोडली, सगळा पू निघून गेला, जखम धुतली. संध्याकाळी चांदणीने बादलीत तोंड घातलं आणि घटाघटा, न थांबता, नाकातून एक थेंब परत न येता पाणी प्यायली. मावशीने टोपली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मी प्रणितकडे पाहिलं. तो पाठ करून उभा होता, डोळे पुसत.

मोहाची फुलं संपली, तेंदूपानाचे दिवस आले. दोन्ही घोड्या चरू लागल्या, पण मॅडमनी लगेच सोडलं नाही. घोडी बरी दिसते आणि आजार घशात दडून बसतो, म्हणून नाक धुतलेल्या पाण्याची पुन्हा पुन्हा तपासणी झाली. मला त्या तपासण्या अजून चालल्या असत्या तरी चाललं असतं. पण शेवटची साफ आली, आणि वरोऱ्याहून बाबा पिकअप घेऊन आले.

बाबांनी चांदणीचा गळा कुरवाळला, तिच्या दातांपासून खुरांपर्यंत सगळं पाहिलं. मग खूर पाहावेत तसं प्रणितच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे. जरा जास्त वेळ.

"निघाच्या पहिले भेट करा घोड्याईची," बाबा म्हणाले. "रीत हाये."

"नाई!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

बाबा दचकले.

"नाकाले नाक नाई आता, बाबा. ताटलीबी नाई," मी म्हटलं. "वरोऱ्यातबी सगळ्याईले सांगायचं हाये. गुलाल तेवढा चालते."

प्रणितने चांदणीच्या कपाळाला गुलाल लावला, मी रूपाच्या. या वेळी ती फुरफुरली नाही. शहाण्यासारखी उभी राहिली. चांदणीला गाडीत चढवलं. फळी बंद झाली. आता काही बोलायचं असेल तर आत्ताच...

"काका," प्रणित म्हणाला. "दिवाळी झाली का मले वरोऱ्याले याचं हाये."

"ये ना. घोडी घेऊन ये, कामं हायेत तिकडं."

"घोडी घेऊन नाई." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "पायी याचं हाये."

बाबा गाडीच्या दाराला हात लावून थांबले. ड्रायव्हरला काही कळलं नाही. मावशीला कळलं, तिने पदर तोंडाशी नेला. आणि मी खाली, माझ्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर बाबांना माझं उत्तर माझ्याआधी कळलं असतं.

"कुरखेड्याहून वरोरा," बाबा सावकाश म्हणाले. "लय लांब हाये, पोरा."

"मालूम हाये."

"अन्नपूर्णा?"

"हिवाळ्यातच येजो म्हणा त्याले, बाबा," मी चपलांनाच सांगितलं. "तवा ऊन नसते."

बाबा गाडीत बसले. मी मागे, चांदणीजवळ चढले. पिकअप बांधावरून डगडगत रस्त्याला लागली. चांदणीने मान माझ्या खांद्यावर टाकली. घरघर नव्हती, नुसता गरम श्वास. मी मागे पाहिलं.

प्रणित रस्त्यावर होता. गाडीच्या मागोमाग चालत, धुळीत, हात हलवत.

"हे काय करून राह्यला?" मी ओरडले.

"सराव करून राह्यलो!"

मी हसता हसता रडायला लागले. केबिनच्या मागच्या काचेतून दिसलं, बाबांनी एकदा आरशात पाहिलं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, गाडी जरा हळू घे.